नुसतं बघायला

खुर्ची पुढे केली की "आज नुसतं दाखवायला आलोय" म्हणत पेशंट सटकतात, याचं दातांच्या डॉक्टरांना भारी हसू यायचं. चाळिशीनंतर त्यांच्या डोक्यात पियानो शिकायचं खूळ शिरलं. वाजवता एक सूर येत नव्हता, पण पियानो बघायला शिरलेल्या प्रत्येक दुकानात ते एकेका पट्टीवर दाढ तपासल्यासारखं टकटक करत, कान लावत आणि जाणकारासारखी मान हलवत. सहाव्या दुकानाच्या मालकीणबाई निघाल्या त्यांच्याच पेशंट. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा डॉक्टर, थोडं वाजवून बघा. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. "नाही, आज नुसतं बघायला आलोय. पुढच्या आठवड्यात येतो ना नक्की."