दुसरा शॉक

मासळी वाहणाऱ्या मोटरसायकलचा मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर खाऱ्या पाण्यानं असा जाम झाला होता, की दिगूनं शेवटी शिवी हासडून हातोडाच घातला. शॉक सुटला. पण दुसऱ्या बाजूचा त्यानं आधीच काढून ठेवलेला, आणि गाडीखाली ठोकळाही लावला नव्हता. अख्खी गाडी खाली बसली अन् मडगार्ड आणि चाकाच्या मधे त्याचा डावा पंजा सापडला.

बाजार बंद. जवळपास माणूस एकच, मधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या गॅरेजात थोरला भाऊ. गॅरेजची वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

दात आवळून ओढून बघितलं. बोटं काळीनिळी पडायला लागली, तेव्हा दिगूनं पत्र्यावर लाथ घातली. "दादा, हात अडकलाय."

दादा आला, वाकला, गाडी मागून उचलून धरली.

"एक बसवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हे कुणी शिकवलं होतं तुला?"

"तू."

"मग? हात काढ, ठोकळा लाव. मी काय जन्मभर धरून उभा राहू?"

पंजा सुटला. ठोकळा पायाशीच पडला होता. तो लावला की दादा हात झटकून निघून जाणार. दिगू उगाच बाकड्याखाली वाकून शोधत राहिला.

ठोकळा दादालाही दिसत होता. तो गाडी तशीच धरून उभा राहिला.