वाकायची जागा

बॅटरी एकच होती, ती सुनेत्राच्या हातात. “मी पुढे होतो, तू मागून उजेड दाखव,” असं म्हणत हृषीकेश गुहेच्या चिंचोळ्या तोंडातून रांगत आत शिरला. तीही शिरली. आत दोघांना उभं राहता आलं.

आज लग्नाचा पंधरावा वाढदिवस. एरवी दर रविवारी तो मित्रांबरोबर डोंगरात जायचा. यंदा मात्र आपणहून म्हणाला होता, “एक गुहा कळलीये. फारशी कुणाला ठाऊक नाही, मीसुद्धा पाहिलेली नाही. आपण दोघंच जाऊ.” तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

गार भिंत चाचपत ती चालली होती. एवढ्यात, उजेड पोचायच्या आधीच, मिट्ट काळोखात तो अलगद वाकला. वाकता वाकता मागे हात करून, रोजचं बोलावं तसं म्हणाला, “तू चल सरळ. तुला नाही लागत.”

सुनेत्रा त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्नात हार घालताना त्याच्या पायाखाली दोन पाट सरकवावे लागले होते. अख्खा मांडव हसला होता.

ते वाक्य दुसऱ्याच कुणाच्या तरी उंचीचं होतं.

पुढे आलेला खडक आता बॅटरीच्या उजेडात तिला स्वच्छ दिसत होता. तरी ती सरळ चालत गेली.

आवाज ऐकून तो धडपडत मागे आला. “अगं, बघून चालायचं ना! फार लागलं का?”

“हो,” ती म्हणाली, आणि मग तिला मोकळेपणाने रडता आलं.