पिवळं लाळेरं

मुलुंडच्या त्या सोसायटीत बाळ जन्मलं की वसुधाकाकू एका बैठकीत लाळेरं विणून देत. चौथ्या मजल्यावरच्या ऋताच्या मुलीसाठी पिवळं विणत आणलं होतं. गळ्याची पट्टी तेवढी उरली होती.

दुपारी ऋताचा फोन आला.

"काकू, लाळेरं गोड आहे हो, पण काढायचं कसं? बटणच सापडत नाहीये."

"अगं, ते अजून माझ्या मांडीवर आहे."

"मग हिच्या गळ्यात? पिवळंच आहे. मला वाटलं, तुम्हीच घालून गेलात." मागे बाळ रडत होतं. "काकू, घट्ट होतंय ते!"

"कात्रीने काप!"

"कापतेय... पुन्हा विणलं जातंय!"

काकूंनी हातातल्या सुया फेकून दिल्या. फोनमधून सुयांची टिकटिक ऐकू येतच राहिली. रडणं थांबलं होतं.