बाईसाहेबांचा पट्टा

“खोकी दारातच ठेव,” शिवणकाकू मुलाला म्हणाल्या. “बाईसाहेब अजून आहेत.”

मुलानं रिकामी खोकी उंबऱ्याशी टेकवली आणि नाकाला रुमाल लावला. मांजराच्या केसांनी त्याला शिंका यायच्या. त्यामुळे आईच्या घरात तो दाराजवळच्या खुर्चीपलीकडे कधी गेला नव्हता.

बाईसाहेब खिडकीतल्या उशीवर पडल्या होत्या. करड्या रंगाची मांजर, हाडांचा सापळा झालेली. किडन्या संपल्या होत्या, दात गळाले होते, डाव्या डोळ्यावर पांढुरका पडदा आला होता. काकू ड्रॉपरनं तिच्या तोंडात पाणी सोडत होत्या. एक थेंब, मग तो गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा.

सहा वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हाच मुलगा आईला न्यायला आला होता. त्याच्या इमारतीत प्राणी चालत नव्हते आणि घरात शिवणयंत्राला जागा नव्हती. काकू म्हणाल्या, “मांजर आहे तोवर मी इथून हलायची नाही.” मांजर तेव्हाच पंधराची. मुलानं मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाला, “चालेल. पण ती गेली की एक शब्द न बोलता यायचं.” काकूंनी शब्द दिला. दिला शब्द मोडणं दोघांच्याही रक्तात नव्हतं.

पोरगा काही वाईट नव्हता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आई म्हातारपणी एकटी पडू नये एवढंच त्याला वाटे. सूनबाई मात्र दर वाढदिवसाला विचारायची, ही मांजर आहे की कासव?

“एकवीस वर्षांची झाली,” मुलगा रुमालाआडून म्हणाला. “दुकानात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.”

“नको ठेवू देत.”

“पूर्वी केवढी ओरबाडायची. आता नुसती बघते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.”

“म्हणतात खरं,” काकू म्हणाल्या आणि ड्रॉपर पुन्हा भरला.

कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण सलाईनची सुई काढत होती. “काकू, फार तर चार दिवस,” ती हळूच म्हणाली. “एक इंजेक्शन दिलं की सुटेल ती.”

“कळवळायला लागली तर मीच सांगेन. पण आज सकाळी तिनं उन्हाकडे तोंड वळवलंय. ज्याला ऊन हवं असतं त्याला घाई नसते.”

मुलानं सुस्कारा सोडला. “मग रविवारी टेम्पो सांगतो.”

“सांग. बाईसाहेब दारात दिसल्या तर रिकामा परत ने.”

“आई, हट्टाला काही सीमा?”

“कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही,” काकू म्हणाल्या, “आणि टेम्पो सांगितला म्हणून मांजर मरत नाही.”

मुलानं हात टेकले आणि तो शिंकत निघून गेला.

बाईसाहेबांच्या गळ्यात लाल मखमलीचा पट्टा होता, पितळी घुंगराचा, काकूंनीच शिवलेला. तो आता सैल पडला होता. काकूंनी त्याच दुपारी टीप उसवली, अर्धा इंच आत घेतला आणि पुन्हा मारली. मखमलीवर जुन्या टिपांच्या बऱ्याच खुणा होत्या, कधी आत घेतल्याच्या, कधी सोडल्याच्या.

पुढचे चार दिवस काकूंनी एकही काम घेतलं नाही. ब्लाउजवाल्या आल्या तशा परत गेल्या. काकू पेज गाळून देत होत्या, ओल्या फडक्यानं अंग पुसत होत्या, उशी उन्हाबरोबर सरकवत होत्या. बाईसाहेब गुरुवारी दुपारी त्यांच्या मांडीवरच गेल्या, कसलाही त्रास न होता. काकू मोठ्यानं रडल्या. कुणाच्या तरी अस्तराच्या कापडाला त्यांनी नाक पुसलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली नाही.

डॉक्टरीण फावडं घेऊन आली. मागच्या अंगणात गुलाबाची दोन झाडं होती, त्यांच्या शेजारी तिनं खड्डा खणला. माती सारखी करून ती म्हणाली, “काकू, आता तुम्हीही दमलात. जा की मुलाकडे. दोन वेळचं आयतं मिळेल.”

“या दाराला चाळीस वर्षं मी आतून कडी लावतेय,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून मरायची मला हौस नाही.”

“पण शब्द दिलाय ना तुम्ही?”

काकू पट्टा धुवायला आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मुलाच्या खोक्यांपैकी सर्वांत मोठं उचललं, झटकलं, तळाला दुहेरी चिकटपट्टी लावली. आत टॉवेल घातला, वर ड्रॉपर आणि उरलेली औषधं ठेवली. पट्टा धुऊन, सगळ्या टिपा उसवून, इस्त्री करून ठेवला होता. तो सर्वांत शेवटी ठेवला. मापाची टेप सवयीनं गळ्यात होतीच. मग घराला कुलूप लावून त्या निघाल्या.

“निघालात वाटतं मुलाकडे?” किराणावाल्यानं गल्लीत विचारलं.

“खोकं तर घेतलंय,” काकू म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टाकून दिलेल्या मांजरांचे पिंजरे होते. पिल्लं आली तशी कुणी ना कुणी घेऊन जाई, म्हाताऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. काकूंनी खोकं खाली ठेवलं. डॉक्टरीण त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं शेवटचा पिंजरा पुढे ओढला.

आतल्या करड्या म्हातारीनं काकूंच्या बोटाला नख मारलं.

“ओरबाडते,” काकू म्हणाल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या. “पोराला बरं वाटेल.”

त्यांनी गळ्यातली टेप काढली, पिंजऱ्यात हात घातला आणि माप घेतलं.

“साडेनऊ इंच. आधीच्या तिघींपेक्षा हिची मान जाड आहे.”