रोजची टाचणी

पित्ताशय काढून वर्ष होत आलं, तरी शिंप्याच्या उजव्या बरगडीखालची कळ काही त्याचा पिच्छा सोडत नव्हती. टाके घालताना डॉक्टरांची एखादी टाचणी आत राहिली असणार, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. चाळीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या कितीतरी टाचण्या गिऱ्हाइकांच्या कोटांत राहून गेल्या होत्या! डॉक्टर हसले. एक्स-रे काढला, त्यात काहीच नव्हतं. मग मुलगाही हसला.

बायको तेवढी हसली नाही. दुपारी दुकानाचं दार लोटून तिने त्याला कापड बेतायच्या टेबलावर आडवं केलं आणि जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक त्याच्या पोटावरून हळूहळू फिरवू लागली. इस्त्रीची ऊब होती. फळीवरच्या रिळांचे रंग एकमेकांत विरघळत होते, टेबल पाण्यावर असल्यासारखं डुलत होतं. मग टाचण्यांच्या डबीत टिंग वाजलं.

"निघाली बघा एक," ती म्हणाली.

त्या दुपारी त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. तेव्हापासून रोज एक टाचणी निघते.

आज मात्र त्याचे डोळे पुरते मिटले नव्हते. लोहचुंबक पोटाला लागायच्या आधीच बायकोने आपल्या बाहीत खोचलेली टाचणी काढून चुंबकाला चिकटवली, ते त्याला दिसलं. मग तो डोळे घट्ट मिटून म्हणाला, "अगं, आज दोन काढ. जरा जास्तच दुखतंय."