दांडीवरची घोंगडी

मल्हारनं लाईट तोडायला डीपीची दांडी खाली ओढली, तिच्यावर घोंगडी टाकली आणि बापाला म्हणाला, "आबा, बसा हितं. मी उतरल्याबिगर कुणाला दांडीला हात लावू देऊ नका."

तात्याबा दांडीखाली बसला, काठी मांडीवर आडवी ठेवून. दांडीवर घोंगडी म्हणजे खांबावर माणूस, हे खुटबावच्या त्या वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घोंगडी तात्याबाचीच होती, मेंढरांमागं फिरायचा तेव्हाची. मल्हार ठेकेदाराकडं वायरमन म्हणून लागला आणि घोंगडीला हे नवं काम मिळालं. दुसराही एक नियम वस्तीनं पाळला होता. खांबावरच्या माणसाला हाक मारायची नाही. त्याचं लक्ष विचलित होतं.

जोड जळला होता तो पुढच्या खांबावर, उसाच्या कडेला. तिथून निघालेली तार फक्त तात्याबाच्या घरी जायची. त्या तारेवर दुसरं घरच नव्हतं. घरात मल्हारची आई, कुशाबाई, पडून होती. तिचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालायचा आणि मशीन लाईटवर. उशाशी एक छोटा सिलिंडर होता, पण तोही आता सरत आला होता. म्हणून मल्हार अंधार पडायच्या आत खांबावर चढला होता.

हे सगळं झालं होतं गाड्यांपायी. वर्षभरात गावात इलेक्ट्रिक गाड्यांचं पेव फुटलं होतं. बागायतदारांच्या मोटारी, दुधाचे तीनचाकी टेम्पो, पोरांच्या स्कूटर. सगळे दिवेलागणीला घरी यायचे आणि सगळे एकदमच चार्जिंगला लावायचे. डीपी मात्र जुनाच. तो बिचारा संध्याकाळ झाली की तापायचा, कण्हायचा आणि तारांवरचे जोड जळायचे. मल्हारनं पारावर हात जोडून सांगितलं होतं, "पाटाच्या पाण्याला पाळी लावताय न्हवं? तशीच गाड्यांना लावा." सगळ्यांत मोठी गाडी बागायतदार जयसिंगरावांच्या पोराची, विक्रमची, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलाही तोच. "पाळी? माझी गाडी काय ऊस हाय व्हय?"

आता तोच विक्रम बांधावरून पळत आला. दम लागला होता, तोंड उतरलं होतं. त्याला पाहून तात्याबाच्या ओठावर शिव्या आल्या.

"आबा, मी तुमच्या घरावरनं आलो," विक्रम म्हणाला. "मावशीला लई धाप लागलीय. माझ्या गाडीतनं घराला लाईट देता येती. जोडू का?"

तात्याबानं शिव्या गिळल्या. "म्हंजी मशीन चालंल?"

"चालंल की. मल्हारला विचारून घेऊ? हाक मारतो."

तात्याबानं काठी आडवी घातली. "खबरदार! खांबावरच्या माणसाला हाक मारत न्हाईत. तू जा. जोड. म्हातारीला वाचीव."

विक्रम आल्या पावली पळाला. तात्याबाला आपलीच लाज वाटली. सकाळपासून ह्या पोराचा सात पिढ्यांसकट उद्धार केला होता, आणि अडचणीला शेवटी तोच धावून आला. त्यानं वर पाहिलं. उसाच्या तुऱ्यांवर मल्हार दिसत होता, कमरेला पट्टा, हातात पकड. ठेकेदारानं हातमोजे कधी दिले नव्हते. दांडी खाली असल्यावर हवेत कशाला, असं मल्हारच म्हणायचा. तात्याबा दांडी राखत बसला. जवळ कुणी फिरकलंसुद्धा नाही.

फोन वाजला. सून होती, रुपाली.

"आबा, लाईट आली!" ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "मशीन चालू झालं. आत्यांची धाप बसली. देवघरातला बल्ब बी लागला, पंखा बी फिरतोय. समदं घर उजळलं बघा!"

तात्याबाचे डोळे भरून आले. त्यानं सवयीनं दांडीकडं पाहिलं. दांडी खालीच होती. घोंगडी जागच्या जागी होती.

मग त्याला तो बल्ब खटकला. आणि पंखा. विक्रमनं नुसतं मशीन जोडलं नव्हतं, भिंतीवरच्या बोर्डातून सगळ्या घरात करंट सोडला होता.

लग्नाकार्याला वस्तीवर जनरेटर यायचा, तेव्हा मल्हार आधी घराचा मेन स्विच पाडायचा. मेन वर राहिला तर करंट घरातून उलटा तारेवर चढतो आणि खांबावरचा माणूस जातो, असं तो ज्याला त्याला बजावायचा. लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं. जनरेटर धडधडायला लागला की कुणीतरी ओरडायचंच, "मेन पाडला का?"

गाडी धडधडली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. तात्याबानंही नाही.

तात्याबा उठला. आजवर पाळलेला नियम मोडून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "मल्हाऽऽर! तार सोड!"

मल्हारनं तार सोडली नाही. त्याची मान छातीवर पडली होती. पकड हातातून सुटून उसात गेली होती. पट्ट्याच्या आधारानं तो खांबाला टेकून होता, जरा विसावा घ्यावा तसा.

तात्याबाच्या हातातला फोन अजून चालूच होता. त्यातून कुशाबाईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो धाप न लागता, स्वच्छ येत होता.

"मल्हारला म्हणावं, उतर आता खाली. आली लाईट."