रेषेला टेकलेला बाण

"दहा, नऊ, नऊ," निवड चाचणीत शर्वाणीने स्वतःच्या बाणांचे गुण सांगितले. एकमेकींची गुणपत्रकं आम्हीच लिहीत होतो. तिचा शेवटचा बाण दहाच्या रेषेला टेकला होता, आणि टेकला की दहा धरतात. तिच्या बाजूने ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. एकदा बाण काढला की तक्रार चालत नाही, हेही ठाऊक होतं. तिने बाण काढेपर्यंत मी गप्प राहिले आणि तिच्या गुणपत्रकावर नऊ लिहिले.

वाईट कशाला वाटेल? तिची नोकरी खेळाडू कोट्यातली. हजेरीची सही केली की बाईसाहेब मैदानावर. मी एसटीत कंडक्टर. साडेचारला उठून सराव, मग दिवसभर परतवाड्याच्या फेऱ्या. तिकिटं फाडून धनुष्य ओढायची बोटं आखडतात. तिचा एक गुण गेला तर काय बिघडलं?

पुढची फेरी शेवटची. "दहा, दहा, नऊ," म्हणत मी माझ्या बाणाला हात घालणार, तोच ती ओरडली, "अगं थांब, काढू नकोस!" तिने वाकून नीट पाहिलं. "रेषेला टेकलाय. दहा आहे हा." आणि माझ्या पत्रकावर तिने दहा लिहिले.

बेरीज झाली. एका गुणाने मी राज्याच्या संघात, ती बाहेर.

तिचे डोळे भरले होते, तरी तिने मला मिठी मारली. "आता तुलाही कोट्यातून नोकरी लागेल बघ. सुटलीस त्या फेऱ्यांतून!"

मग माझ्याच हातातलं पेन घेऊन तिने आपल्या पत्रकावर न वाचताच सही केली.